दिवेलागणीची बावीस मिनिटं

दगड-विटांच्या रचनेवर चिखलात भिजवलेलं पोतं, त्यावर गेरूचा हात, उतारावर उगवून आलेले अळीव, दरवाज्याशी भालदार, माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज आणि पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या. दिवाळीतला मुलांचा किल्ला रात्री डोळ्यांना जितका देखणा दिसतो, तितका फोटोत क्वचितच उतरतो. फोटोत बहुधा पिवळ्या उजेडाचे चार डाग असतात, एखाद्या मावळ्याचा जळून पांढरा पडलेला चेहरा असतो आणि बाकी सगळा कोळसा. अनुभवाचे बोल म्हणतात ते बहुतेक वेळा चुकांचे बोल असतात, माझेही तसेच आहेत. या बाबतीतल्या माझ्या जवळजवळ सगळ्या चुका एकाच समजातून निघाल्या: अंधार फार असतो म्हणून फोटो बिघडतो. या समजापोटी माणूस आयएसओ वाढवतो, फ्लॅश मारतो, महागड्या कॅमेऱ्याची स्वप्नं पाहतो. आता माझं मत असं आहे की अंधार बिचारा निरपराध आहे. फोटो बिघडवते ती उजेडा-उजेडातली तफावत, आणि तिच्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय दुकानात मिळत नाही. तो घड्याळात आहे.

हिशेब मांडला की हे पटतं. मेणबत्तीच्या ज्योतीचा उजेड साधारण एक कँडेला धरतात, म्हणजे एक मीटरवर तो एक लक्स पडतो. पणतीलाही ढोबळमानाने तोच आकडा लावू. उजेड अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. त्यामुळे पणतीपासून दहा सेंटिमीटरवरच्या मावळ्यावर १०० लक्स पडतात, तर चाळीस सेंटिमीटरवर बसलेल्या महाराजांपर्यंत जेमतेम सहा पोचतात. अंतर चौपट, उजेडातला फरक सोळापट. फोटोग्राफीच्या भाषेत हे चार स्टॉप झाले, म्हणजे चार वेळा दुप्पट. याउलट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससारख्या इमारतीवर दहा मीटरवरून झोत टाकला, तर तीस सेंटिमीटर मागे असलेल्या कोनाड्यावर फक्त सहा टक्के उजेड कमी पडतो. म्हणजे प्रचंड वास्तूपेक्षा वीतभर मूर्तीचा रात्रीचा फोटो अवघड असतो, आणि तो तिच्या लहानपणामुळेच. दिवा तिच्या अगदी अंगाला भिडलेला असतो. मावळ्याला सांभाळून एक्सपोजर ठेवलं की महाराज अंधारात जातात, महाराजांना उजळलं की मावळा जळतो. आयएसओ वाढवून यातलं काहीच सुटत नाही, कारण आयएसओ दोघांनाही सारखंच वाढवतो.

आता याच किल्ल्यावर सगळीकडून सारखा, मंद उजेड पडतो आहे असं समजा, पंचवीस लक्सचा. मावळ्यावर १२५ झाले, महाराजांवर ३१. सोळापटीची तफावत चारपटीवर आली, चार स्टॉपचे दोन झाले. पणतीचा उबदारपणा तसाच राहिला आणि उतारावरचे अळीवही दिसू लागले. हा मंद उजेड आकाश फुकट देतं, फक्त थोडाच वेळ. मोकळ्या आकाशाखाली सूर्यास्ताच्या वेळी काहीशे लक्स उजेड असतो आणि सूर्य क्षितिजाखाली सहा अंश जाईपर्यंत तो तीनेक लक्सवर उतरतो. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास या उतरंडीला साधारण बावीस मिनिटं लागतात. याच बावीस मिनिटांत कधीतरी आकाशाचा उजेड आणि पणतीचा उजेड एकमेकांच्या बरोबरीला येतात. निरभ्र आकाश असेल तर ही गाठ सूर्यास्तानंतर पंधराएक मिनिटांनी पडते. चाळीच्या चौकात किंवा उंच इमारतींच्या बेचक्यात आकाशाचा तुकडाच लहान असतो, तिथे ती आधी पडते. त्यानंतर उशीर झाला तर लक्ष्मीपूजनाच्या रात्री चंद्राकडूनही मदत नाही, कारण तिथी अमावास्येची. पुढे फटाक्यांचा धूर पसरला की हवाही दुधाळ होते. जुन्या माणसांनी संधिप्रकाशाच्या या वेळेला दिवेलागण असं नाव ठेवलं. मला त्यात फोटोग्राफरसाठीची सूचनाच दिसते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की रात्रीचा फोटो म्हटला की आकाश काळंच हवं, निळ्या आकाशाखालचा किल्ला ही फसवणूक झाली. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण फोटोने पाहिलेल्याशी इमान राखावं असं मलाही वाटतं. पण आपण पाहतो कसं, ते आधी पाहायला हवं. डोळा अख्खा किल्ला एका दमात टिपत नाही. तो ज्योतीवर जातो, तिथून चेहऱ्यावर, मग बुरुजाच्या सावलीत, आणि जिथे जाईल तिथल्या उजेडाशी जुळवून घेतो. या तुकड्यांतून मेंदू एक चित्र बांधतो, त्यात ज्योतही असते आणि सावलीतला वासुदेवही. कॅमेऱ्याला एका फोटोत एकच एक्सपोजर मिळतं. म्हणून रात्री नऊ वाजता काढलेला काळाकुट्ट फोटो घड्याळाशी प्रामाणिक असेल, पण नजरेशी नसतो. संधिप्रकाशातला फोटो त्या नजरेच्या जास्त जवळ जातो.

दुसरा आक्षेप नव्या पिढीचा: मोबाइलचा नाइट मोड हे सगळं आपोआप करतो, राहिलेलं सॉफ्टवेअर दुरुस्त करतं. यात तथ्य आहे. नाइट मोड एकामागोमाग अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर जुळवतो, त्यामुळे हात हलल्याचा आणि दाणेदारपणाचा दोष बराच कमी होतो. पण ज्योत हलती असते आणि जुळवाजुळवीत ती कधी दुहेरी होते, कधी पिठाच्या गोळ्यासारखी दिसते. शिवाय रात्र उजळून दाखवण्याच्या उत्साहात तो पणतीची रयाच घालवतो. नंतरच्या दुरुस्तीबद्दल एकच नियम लक्षात ठेवावा: सावलीत थोडंफार तरी काही शिल्लक असतं, जळालेल्या पांढऱ्यात काहीच नसतं. तिथे सॉफ्टवेअर जे भरतं ते त्याचं स्वतःचं असतं, मुलांनी रंगवलेल्या चेहऱ्याचं नव्हे. म्हणून चूक करायचीच तर अंधाराच्या बाजूला करावी. मोबाइलच्या पडद्यावर उजळ भागावर बोट ठेवून उजेड थोडा खाली ओढावा, आणि कॅमेरा असेल तर रॉ फाइल ठेवावी. फ्लॅश मात्र बंदच. तो समोरून येतो, सावल्या पुसतो, मूर्तींच्या चकचकीत रंगावर पांढरा ठिपका उमटवतो आणि पणत्या लावल्या होत्या की नाही हेच कळू देत नाही.

वेळ साधणं शक्यच नसेल तर तफावत दुसऱ्या वाटेने कमी करता येते. ती वाट मांडणीची. एक मोठा दिवा पायथ्याशी ठेवण्यापेक्षा चार लहान दिवे बुरुजांच्या आडोशाला विखरून ठेवावेत, म्हणजे प्रत्येक मूर्तीला जवळचा दिवा मिळतो आणि ज्योती थेट लेन्समध्ये शिरत नाहीत. मावळ्याला चिकटलेली पणती वीतभर दूर सरकवली तरी मोठा फरक पडतो. चौकटीबाहेर पांढऱ्या थर्माकोलचा तुकडा उभा केला की पणतीचाच उजेड परतून सावलीच्या बाजूला येतो. मात्र किल्ला मुलांचा आहे. दिवे हलवायचे तर त्यांना विचारून, आणि तेही मोठ्यांनीच हलवावेत.

मूर्तींच्या लहानपणाचा दुसरा परिणाम फोकसवर होतो. लहान वस्तू मोठी दिसावी म्हणून आपण जवळ जातो आणि जवळ गेलं की स्पष्ट दिसणारा पट्टा आक्रसतो. फुल फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावून अर्ध्या मीटरवरून एफ २.८ ला फोटो काढला, तर जेमतेम दीड सेंटिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. मावळ्याचं नाक दिसेल, मागचा दरवाजा धूसर होईल, आणि असा धूसरपणाच किल्ल्याला खेळण्यासारखं रूप देतो. एफ ११ ला हा थर सहा सेंटिमीटरच्या आसपास जातो, पण त्यासाठी शटर सोळापट जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. संधिप्रकाशात आयएसओ १०० वर ते काही सेकंदांचं काम आहे, म्हणजे कॅमेरा स्थिर हवाच. ट्रायपॉड नसेल तर तांदळाची पिशवी चालते. तिच्यावर कॅमेरा टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावावा. पिशवीचा आणखी एक फायदा म्हणजे कॅमेरा आपोआप जमिनीलगत येतो. लेन्स मावळ्याच्या डोळ्यांच्या उंचीला आली की वीतभर बुरूज खरा वाटू लागतो. उभ्याने वरून काढलेल्या फोटोत तो मातीचा ढीगच राहतो. इथे एक गोष्ट मोबाइलच्या बाजूने सांगायला हवी. त्याचा सेन्सर लहान असल्यामुळे स्पष्टतेचा थर त्याला सहजच जास्त मिळतो.

रंगांचं थोडक्यात. पणतीचा उजेड साधारण १,९०० केल्विनचा, उबदार एलईडी माळेचा २,७०० ते ३,००० च्या घरातला आणि सूर्य मावळल्यावरच्या निळ्या आकाशाचा १०,००० किंवा त्याहून वर. व्हाइट बॅलन्स कॅमेऱ्यावर सोपवला तर तो दर फोटोला मत बदलतो. ३,५०० च्या आसपास तो पक्का केला की ज्योत पिवळी राहते आणि आकाश निळं. स्वस्त एलईडी माळा विजेच्या ५० हर्ट्झ प्रवाहावर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला त्यातून काळे पट्टे मिळतात. सेकंदभराच्या शटरला हा त्रास नाही. फक्त माळ उघडझाप न करणारी ठेवावी.

शेवटचा आक्षेप घरातून येतो आणि तो सगळ्यांत वजनदार आहे. लक्ष्मीपूजनही प्रदोषकाळीच असतं, मग ऐन त्या वेळी कॅमेरा घेऊन बाहेर कोण बसणार? कुणी बसू नये. फोटोसाठी पूजा खोळंबावी इतका तो मोठा नाही. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत इतर संध्याकाळी पडल्या आहेत, त्यांतली एखादी निवडावी. त्या दिवशी चौकट, फोकस, पिशवी, टायमर हे सगळं उजेड असतानाच लावून ठेवावं, सूर्य मावळला की मुलांना पणत्या लावू द्याव्यात आणि मग दर दोन मिनिटांनी एक फोटो घेत जावं. दहाबारा फोटोंपैकी कुठल्या एकात आकाश आणि पणती जुळली ते नंतर निवांत पाहता येतं. ओढणी, पदर आणि ट्रायपॉडचा पट्टा ज्योतीपासून दूर आहे ना, एवढं आधी पाहावं. काही दिवसांनी पोतं निघेल, विटा पुन्हा गच्चीच्या कोपऱ्यात जातील, अळीव पिवळे पडतील. पुढच्या वर्षी मुलं दुसरा किल्ला करतील, कदाचित राजगडाऐवजी सिंधुदुर्ग. यंदाच्या राजगडाचा पुरावा म्हणून जो फोटो उरेल, त्यात निदान महाराजांचा चेहरा दिसावा.