स्वस्त चेंबर, महाग इंजिन : कोणताही पार्ट घेण्याआधीचे चार प्रश्न



खरेदीचे निर्णय चुकतात कुठे, तर आपण किमतीपासून सुरुवात करतो म्हणून. आज एक उदाहरण घेऊ : किट कारसाठी ऑइल पॅन, म्हणजे आपल्या गॅरेजच्या भाषेत इंजिनचं चेंबर.

अमेरिकेत कोब्रासारख्या दिसणाऱ्या किट कार लोक घरी जोडतात. त्यात फोर्डचं 302 इंजिन बरंच वापरलं जातं. इंजिन तेच, पण चेंबर वेगवेगळी. 1960 च्या दशकातल्या मस्टँगमध्ये चेंबरचा खोल भाग पुढे होता. 1979 ते 1993 च्या मस्टँगमध्ये पुढे आणि मागे असे दोन खोल भाग आले, मध्ये क्रॉसमेंबरसाठी जागा. मग निवडायचं कसं? क्रमाने चला.

1. बसतं का? आधी चासी मोजा, मग कॅटलॉग उघडा. क्रॉसमेंबर आणि स्टिअरिंग कुठे येतं, त्यावर खोल भाग पुढे हवा की मागे ते ठरतं. चेंबर चासीच्या पाइपांच्या खाली लोंबता कामा नये. लोंबलं तर पहिला दगड त्यालाच लागणार. आणि 302 चं चेंबर 351 विंडसरला बसत नाही, दोन्ही एकाच घराण्यातली असली तरी.

2. काम करतं का? जोरात वळताना ऑइल एका बाजूला सरकतं. पिकअपने ऑइलऐवजी हवा ओढली की प्रेशर पडतं आणि बेअरिंग जातात. म्हणून वेगाने चालवायची गाडी असेल, तर आत बॅफल, म्हणजे ऑइल अडवणारे पत्रे, असलेलं चेंबर घ्या.

3. सोबत काय लागतं? पिकअप त्याच चेंबरचा हवा. पिकअप आणि तळ यांत साधारण 6 ते 10 मिमी अंतर ठेवतात. हिशेब सोपा आहे : समजा चेंबरची खोली 190, दाबलेलं गॅस्केट 2 आणि ब्लॉकपासून पिकअपची लांबी 183 मिमी; तर 190 + 2 − 183 = 9 मिमी. चालेल. खात्रीसाठी पिकअपवर मुलांची क्ले लावा, चेंबर बसवून काढा आणि दबलेला थर मोजा. डिपस्टिकची जागाही बघा. चेंबर बदललं तर मोजून ऑइल भरा आणि काडीवर नवी खूण स्वतः करा.

4. आता किंमत. फक्त चेंबरची नाही. चेंबर + पिकअप + गॅस्केट + डिपस्टिक + जास्तीचं ऑइल, ही खरी किंमत. स्वस्त वाटलेला पार्ट इथे बऱ्याचदा महाग निघतो.

एक गोष्ट विसरू नका : दोन खोल भागांच्या त्या चेंबरला ड्रेन नटही दोन असतात. एकच उघडला तर काही जुनं ऑइल आतच राहतं आणि वरून पूर्ण मापाचं नवं ओतलं जातं. गिऱ्हाइकाची गाडी असेल तर जॉब कार्डवर हे लिहूनच ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ : तुमच्या धंद्यात पुढची जी मोठी खरेदी आहे, मशीन असो की फ्रीज, तिच्यासाठी हेच चार प्रश्न वहीत लिहा. बसतं का, काम करतं का, सोबत काय लागतं, एकूण किती. पहिल्या तिघांची उत्तरं येईपर्यंत दुकानदाराला भाव विचारायचा नाही.

भेटू पुढच्या व्हिडिओत.