फौजेच्या दाखल्यावर किती शिकता येतं?

दहावीनंतर मी बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झालो. साताऱ्याकडच्या आमच्यासारख्या घरांत पोरगा फौजेत गेला की त्याची शाळा संपली, असंच धरून चालायचे. पेन्शनवर येताना इतर कागदांबरोबर एक प्रमाणपत्रही मिळालं. मॅट्रिक असून पंधरा वर्षांहून जास्त सेवा झाल्यामुळे मला पदवीधराच्या बरोबरीचं मानावं, असं त्यात लिहिलं होतं. आईने ते देवापुढे ठेवलं. घरात पहिला पदवीधर झाला, असं ती सगळ्यांना सांगत होती.

मला वकिली शिकायची होती. पलटणीत जवानांच्या गावाकडच्या जमिनीच्या भांडणांचे अर्ज मी लिहून द्यायचो, त्यातून ती ओढ लागली. तीन वर्षांच्या एलएल.बी.साठी एका कॉलेजात गेलो. खिडकीवरच्या बाईंनी प्रमाणपत्र नीट वाचलं आणि म्हणाल्या, "दादा, हे नोकरीसाठी आहे. इथे विद्यापीठाची पदवी लागते." त्यांचं बरोबर होतं. पण इतक्या वर्षांत हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, याचं दुःख आजही आहे.

माजी सैनिकांना पुन्हा नोकरीत घेण्याचे केंद्राचे 1979 चे नियम आहेत. त्यांतली ही सवलत 'क' गटातल्या, माजी सैनिकांसाठी राखीव असलेल्या जागांपुरती आहे. पद पदवीधराचं असलं तरी दहावी, किंवा लष्कराचं विशेष शिक्षण प्रमाणपत्र, आणि किमान 15 वर्षांची सेवा यांवर अर्ज करता येतो. तांत्रिक अनुभव लागणाऱ्या पदांना मात्र तिचा उपयोग नाही. बँकेच्या क्लार्क भरतीतही अशीच सवलत असते. मी तिच्यावरच लागलो, त्या पगारावर माझं घर चाललं, म्हणून या कागदाला मी कधी कमी लेखणार नाही. पण एलएल.बी., बी.एड., एम.ए. यांना तो चालत नाही. मला बारावीपासून सुरुवात करावी लागली. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून बारावी, मग नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. तोवर मुलांची शिक्षणं सुरू झाली होती आणि नोकरी सोडून लॉ कॉलेजात बसणं परवडणार नव्हतं.

आज अग्निवीर म्हणून जाणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. 2022 पासून भरती चार वर्षांची झाली. त्यांतले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होतात. बाकीच्यांची 15 वर्षं भरणारच नाहीत, म्हणजे माझ्यासारखं प्रमाणपत्र त्यांच्या वाट्याला येणार नाही. त्यांच्यासाठी दुसरी सोय आहे: दहावी झालेल्या अग्निवीराला सेवेत असतानाच एनआयओएसमार्फत बारावी करता येते. ही बारावी नोकरीला आणि पुढच्या शिक्षणाला, दोन्हीकडे चालावी अशीच ती योजना आखली आहे. बारावी झालेल्यांना इग्नूची पदवीही घेता येते. तिचे निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचे धरतात.

पोरांनो, फॉर्म भरण्याआधी विषय कोणते आहेत ते विचारा. हे अभ्यासक्रम सेवेला उपयोगी पडतील असे बेतलेले आहेत. उद्या बी.एस्सी. नर्सिंगला जायचं असेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र लागतं. ते विषय नसतील तर बारावी पास असूनही तिथे अर्ज चालणार नाही. एनआयओएसची परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि एकेक विषय सोडवत जाता येतं. नोंदणी पाच वर्षं चालते, पण तुमच्या हातात चारच आहेत, त्यातही ट्रेनिंग आणि उंचावरची पोस्टिंग. म्हणून पहिल्या वर्षातच नाव घाला. एज्युकेशन हवालदाराला भेटा, लाजू नका. बराकीत कुणी हसलं तर हसू द्या.

पास झालात की गुणपत्रिका ट्रंकेत ठेवून गप्प बसू नका. कंपनी क्लार्ककडून पार्ट टू ऑर्डर काढून घ्या, तरच ते शिक्षण सर्व्हिस रेकॉर्डला चढतं. आणि नाव तपासा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, फौजेच्या कागदांवर बहुधा स्वतःचं नाव आधी. नावातला किंवा जन्मतारखेतला फरक युनिटमध्ये असतानाच दुरुस्त करून घ्या. घरी आल्यावर त्याच कामासाठी रेकॉर्ड ऑफिसशी महिनोन् महिने पत्रव्यवहार करावा लागतो.