उन्हाळी कामात ओल्या मुंडाशाचा उपयोग

सोलापूर जिल्ह्यात चैत्र-वैशाखात दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाणे नित्याचेच आहे. नांगरट, बांधबंदिस्ती, शेणखत पसरणे ही कष्टाची कामे याच दिवसांत उरकावी लागतात. चैत्री वारीसाठी पंढरपूरची वाट पायी चालणारेही याच उन्हातून जातात. दुपारी बैल सावलीत सोडणारा शेतकरी स्वतः मात्र बांधावर राबत राहतो. अशा वेळी डोक्यास बांधलेले ओले मुंडासे उपयोगी पडते. परंतु त्याचे शास्त्र व मर्यादा दोन्ही ध्यानात घेणे अवश्य आहे.

माठातील पाणी ज्या कारणाने गार होते, तेच कारण येथेही आहे. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. माणसाच्या त्वचेचे तापमान उन्हाळ्यात सुमारे ३५ अंश असते. हवा त्याहून तापली म्हणजे वारा अंगाची उष्णता नेण्याऐवजी उलट वाढवितो. मग बाष्पीभवन हाच शरीर थंड ठेवण्याचा मुख्य मार्ग उरतो. मुंडाशातील पाणी अशा वेळी घामास साह्य करते.

वापरण्याची रीत

१. कापड पातळ, सुती व फिक्या रंगाचे घ्यावे. जाड टॉवेलाच्या अनेक घड्यांतून वारा खेळत नाही.

२. स्वच्छ पाण्यात भिजवून हलके पिळावे. ते टाळूस व मानेस लागून राहील असे बांधावे.

३. सुकण्यापूर्वी पुन्हा भिजवावे. वर प्लास्टिकचे आच्छादन घालू नये.

४. औषधफवारणीत वापरलेले कापड डोक्यास कदापि बांधू नये.

प्रात्यक्षिक

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दोन तापमापके सावलीत, वाऱ्यावर टांगावीत. एकाच्या फुग्यास ओली चिंधी गुंडाळावी. कोरड्या दुपारी दोहोंत १५ अंशांहूनही अधिक फरक पडू शकतो. पावसाळी दमट हवेत हा फरक थोडाच राहतो. म्हणजे त्या दिवसांत ओल्या कापडावर भिस्त ठेवता येत नाही.

मर्यादा

डोके हा शरीराचा लहानसा भाग आहे. तेथे गारवा वाटला तरी आतील ताप वाढतच असू शकतो. म्हणून कामे सकाळी व सायंकाळी करावीत, दर १५ ते २० मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे आणि वारंवार सावलीत विसावा घ्यावा. नव्याने उन्हात कामास लागणाऱ्याने श्रम एक-दोन आठवड्यांत क्रमाक्रमाने वाढवावेत.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी जाणवताच काम थांबवावे. बोलणे असंबद्ध झाले, तोल गेला वा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजावा; अशा वेळी अंगास घाम असला तरी गाफील राहू नये. रोग्यास सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, सर्वांगावर गार पाणी ओतावे, वारा घालावा व तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नये. वाहन येईपर्यंत पाणी ओतणे थांबवू नये. कारण या व्याधीत प्रत्येक मिनिट मोलाचे असते.

ओले मुंडासे श्रमाचा ताप हलका करते, परंतु ते विश्रांतीची जागा घेऊ शकत नाही. जी दया बैलावर केली जाते, तीच शेतकऱ्याने स्वतःच्या देहावरही करावी.