पहाटेची हवा खरंच स्वच्छ असते का?

प्रश्न : परभणीच्या कृषी विद्यापीठात पहाटे फिरायला जातो. झाडी एवढी असूनही हिवाळ्यात तिथे धुरकट का वाटतं?

उत्तर : वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा परिसर हिरवागार आहे खरा, पण हवेला कुंपण नसतं. वसमत रस्त्यावरच्या वाहनांचा धूर आणि धूळ वाऱ्याबरोबर आत येतेच.

खरी गोम थंडीत आहे. निरभ्र रात्री जमीन झपाट्याने गार होते आणि तिला लागून असलेली हवाही. वर मात्र उबदार हवेचा थर राहतो. तो झाकणासारखा बसतो. वारा पडलेला असला की सायलेन्सरचा धूर, पेटवलेला पालापाचोळा, शेकोट्या, सगळं खालीच कोंडतं. साडेनऊ-दहाच्या सुमारास ऊन तापलं की जमीन गरम होते, हवा वर उचलली जाते आणि धूर विरतो. पावसाळ्यात सरी हवा धुऊन काढतात. उन्हाळ्यात धूर लवकर पांगतो, पण धूळ उडते. शिवाय वाहनांतून निघणाऱ्या वायूंवर कडक ऊन पडलं की ओझोन तयार होतो.

धुरातून हवेत येणाऱ्या सूक्ष्म कणांची (पीएम २.५) २४ तासांची मर्यादा भारतात घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची फक्त १५.

झाडांवर सगळा भार टाकू नये. रस्त्यापासून दोन-तीनशे मीटर आत गेल्यानेच जास्त फरक पडतो. थंडीत ऊन चढल्यावर, आतल्या शेतरस्त्याने फिरावं. दमा असणाऱ्यांनी धुक्याची पहाट टाळावीच.