वेस्टव्लेटरेनला जायचं म्हणता?

बेल्जियममध्ये राहायला लागल्यापासून भारतातून येणाऱ्या पाहुण्यांची यादी मला तोंडपाठ झाली आहे. ब्रसेल्सचा चौक, ब्रूजचे कालवे, चॉकलेट. आणि दर घोळक्यात एखादा मेहुणा किंवा कुणाचा तरी मित्र असतोच, जो बायकांची नजर चुकवून विचारतो, "ते साधूंच्या बिअरचं गाव इथून किती लांब?"

लांबच आहे. फ्रान्सच्या सीमेला टेकलेल्या सपाट शेतांत, वेस्टव्लेटरेन गावी, सेंट सिक्स्टसचा ट्रॅपिस्ट मठ आहे. स्थापना १८३१ची, आणि त्या दशकाच्या अखेरीपासून तिथे बिअर गाळली जाते. प्रकार तीनच: ब्लॉन्ड, आठ आणि बारा. २००५ साली इंटरनेटवरच्या एका क्रमवारीत 'बारा' जगात पहिली आली आणि त्या शेतवाटेवर गाड्यांची रांग लागली. साधूंनी उत्पादन काही वाढवलं नाही. मठ चालेल एवढी बिअर गाळायची, बाकी वेळ प्रार्थनेला, हा त्यांचा हिशेब. पाहुण्यांना नेता-आणता जे कळत गेलं, ते खाली देतो आहे. वसंतात, म्हणजे मार्च ते मे या काळात निघणार असाल तर विशेष उपयोगी पडेल.

१. आधी मठासमोरच्या कॅफेचं वेळापत्रक, मग विमानाचं तिकीट. या कॅफेचं नाव 'इन दे व्रेडे'. मठाची बिअर निवांत बसून, रास्त दरात प्यायची हक्काची जागा हीच. आठवड्यातले काही वार ते बंद असतं, वर्षातून काही वेळा सलग सुट्टी घेतं आणि संध्याकाळी लवकर आवरतं. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते, त्यामुळे वसंतातल्या सुट्ट्याही सरकतात. 'गेल्या वर्षी याच आठवड्यात उघडं होतं' हा पुरावा इथे चालत नाही. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो. तेव्हा आधी वार ठरवा आणि मग अर्ज भरा.

२. मठ आतून पाहायला मिळत नाही. बिअर गाळण्याची जागाही नाही. कॅफेतच एक छोटं प्रदर्शन आहे, त्यावर समाधान मानायचं. "इतक्या लांबून आलोय, पाच मिनिटं आत सोडा की" हे मराठीत, इंग्रजीत आणि मोडक्या डचमध्ये म्हणून झालेलं आहे. फाटक उघडत नाही, आणि उघडूही नये.

३. क्रेटचा नाद सोडा. सगळ्यात जास्त डोकेफोड याच मुद्द्यावर होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. चोवीस बाटल्यांचा लाकडी क्रेट मिळवायला पूर्वी मठाच्या फोनवर नंबर फिरवत बसावं लागे. लाइन सदा व्यग्र. २०१९पासून ऑनलाइन नोंदणी सुरू झाली. विक्री कधी खुली होणार ते आधी जाहीर होतं, गाडीचा नंबर द्यावा लागतो, नेण्याची वेळ ठरवून मिळते, आणि ज्याने बऱ्याच दिवसांत काही घेतलेलं नाही त्याला झुकतं माप मिळतं. पद्धत न्याय्य आहे, पण ती इथल्या माणसासाठी आखलेली आहे. आठ दिवसांच्या टूरवर आलेल्याने भाड्याच्या गाडीचा नंबर देऊन तारखेची वाट बघत बसणं म्हणजे सुट्टी वाया घालवणं. मठाची एक अट असते: घेतलेली बिअर पुढे विकायची नाही. तरीही ब्रूज-ब्रसेल्सच्या दुकानांत त्याच बाटल्या कैक पट किमतीला मांडलेल्या दिसतात. तिथून घेऊ नका. पैसे जातात हे एक, आणि ज्यांच्या बिअरचं एवढं कौतुक करायचं त्यांचाच शब्द मोडायला आपण हातभार लावतो, हे दुसरं.

४. गाडी नकोच. ब्रसेल्सहून पोपरिंगेपर्यंत रेल्वे आहे; दोन तास, थोडं पुढेमागे. पोपरिंगे हे त्या लाइनचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे डुलकी लागली तरी चिंता नाही. तिथून मठ सहा-सात किलोमीटर. बस बेभरवशाची, सायकल उत्तम. फ्लँडर्सभर सायकलवाटांच्या प्रत्येक नाक्याला क्रमांक दिलेला असतो. आपल्या वाटेचे क्रमांक ओळीने कागदावर उतरवून घ्यायचे आणि पाट्या बघत जायचं. मोबाइल खिशातच राहू द्या. चढ जवळजवळ नाही, पण वारा आहे. एप्रिलमध्ये तासाभरात ऊन, सर आणि गारा असं तिन्ही अंगावर येऊ शकतं. विंडचीटर पाहिजेच, छत्रीचा काही उपयोग नाही. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर पोपरिंगेहून टॅक्सी करा, परतीची वेळही तेव्हाच ठरवून टाका.

५. हॉपची, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलाची, हिरवी भिंत बघायची असेल तर वसंत हा चुकीचा ऋतू. पोपरिंगे हा बेल्जियममधला हॉपचा मुलूख, पण मार्च-एप्रिलमध्ये शेतात दिसतात नुसते उंच खांब आणि वर ताणलेल्या तारा. वेल मे महिन्यात चढू लागतात आणि तोडणी सप्टेंबरात. कुणी म्हणेल, मग काय बघायचं? कोंब! हॉपच्या मुळापासून फुटणारे पांढरे कोंब मातीखालून हाताने खुडतात. हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, आणि भाव किलोला शेकड्यांनी युरो. तुम्हाला आठवत असेल, २०२१ साली आपल्याकडे व्हॉट्सॲपवर बातमी फिरली होती: बिहारमधला शेतकरी पिकवतोय लाख रुपये किलोची भाजी. ती भाजी हीच. बातमी पुढे खोटी निघाली, भाजी मात्र खरी आहे. पोपरिंगेच्या हॉटेलांत ती अर्धवट शिजवलेल्या अंड्याबरोबर, लोण्याच्या फेसाळ सॉसखाली येते. काट्याने सॉस बाजूला सारला की खाली मटकीच्या लांबलेल्या मोडांसारखी गुंतवळ दिसते. चावताना किंचित कुरकुरीत, चव मातकट आणि बेताची. लाख रुपयांची? मुळीच नाही. पण एकदा खाऊन बघण्यासारखी नक्कीच. मार्चच्या शेवटी गेलात तर मिळण्याची शक्यता बरी. मेमध्ये विचारूही नका.

६. 'बारा'ला साधी बिअर समजू नका. नावातला आकडा म्हणजे अल्कोहोलचा टक्का नव्हे; तो १०.२ आहे. हिशेब केला तर ३३ सेंटिलिटरच्या एका बाटलीत साधारण आपल्या ६५० मिलीच्या किंगफिशरएवढं अल्कोहोल भरतं. गडद तपकिरी रंग, सुक्या अंजिराचा वास आणि गोडसर घोट, त्यामुळे जाणवत नाही, उठताना जाणवतं. शिवाय ही बिअर थंडगार देत नाहीत, एवढ्यावरूनच आपली निम्मी मंडळी नाराज होतात. बेल्जियममध्ये गाडी चालवणाऱ्याला रक्तात लिटरमागे अर्ध्या ग्रॅमपर्यंतच मुभा आहे आणि सायकलस्वारही कायद्यातून सुटत नाही. माझं मत विचाराल तर आधी ब्लॉन्ड घ्या. ५.८ टक्के, हॉपचा कडवटपणा स्वच्छ, आणि वसंतातल्या दुपारी तीच जास्त शोभते. सोबत चीजचं सँडविच. शाकाहारी मंडळींची सोय तेवढ्यावर होते.

७. कॅफे बंद निघालं तर हळहळत बसू नका. सीमेवरच्या वाटू गावी सेंट बर्नार्डसची ब्रुअरी आहे. १९४६ ते १९९२ या काळात मठाच्या नावाची बिअर परवान्याने तिथेच तयार होत होती. त्यांची 'अब्ट १२' आजही बाजारात कुठेही मिळते. ती आणि मठाची 'बारा' यांतला फरक सांगू शकणारे माझ्या ओळखीत थोडेच आहेत.

८. संध्याकाळ ईपरला काढा. परतीच्या लाइनवरच आहे. तिथल्या मेनिन गेटखाली रोज रात्री आठला पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी बिगुल वाजतो; १९२८पासूनचा हा रिवाज दुसऱ्या महायुद्धातला जर्मन ताबा सोडला तर चुकलेला नाही. एप्रिलच्या शेवटी त्या वेळी चक्क उजेड असतो. भिंतींवर ५४ हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत आणि त्यांत भारतीय सैनिकही आहेत. हा मुलूख आपल्याला वाटतो तितका परका नाही. इथून दक्षिणेला, सीमेपलीकडच्या नव्ह-शापेलला २८ ऑक्टोबर १९१४ रोजी शिखांच्या पलटणीबरोबर पुण्याच्या खडकीहून आलेल्या सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी अभियंत्यांच्या, दोन कंपन्या लढल्या होत्या. बिअरच्या सहलीत हे कशाला, असं म्हणणारा पाहुणा मला अजून भेटलेला नाही. एक पथ्य पाळा: 'बारा' पिऊन थेट बिगुलाला जाऊ नका, मध्ये जेवून घ्या.

९. घरी न्यायला कॅफेत कधीकधी सहा बाटल्यांचा पॅक मिळतो. मिळाला तर घ्या, कपड्यांत गुंडाळा आणि चेक-इनच्या बॅगेत टाका. सहा बाटल्या म्हणजे १.९८ लिटर. भारतात उतरणाऱ्या प्रवाशाला मद्य करमुक्त आणता येतं ते २ लिटरपर्यंत, तेव्हा सातवी तिथेच पिऊन या.