आधी ऊब, मग दूध : मांजराच्या तान्ह्या पिल्लाची निगा

मांजराचे अगदी लहान पिल्लू घरात आले की बहुतेक कुटुंबांत पहिली कृती ठरलेली असते. वाटीत गाईचे दूध ओतून ती त्याच्यापुढे सरकवली जाते. या कृतीमागची माया खरी असली, तरी तिच्यात पिल्लाच्या जिवावर बेतू शकणाऱ्या तीन चुका एकत्र येतात. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, गाईचे दूध मांजराच्या पिल्लासाठी घडलेले नसते, आणि तीन आठवड्यांच्या आतील पिल्लाला वाटीतून पिताच येत नाही. तान्ह्या पिल्लाच्या संगोपनात काय द्यावे याइतकेच ते कोणत्या क्रमाने द्यावे यालाही महत्त्व असून, हा क्रम आधी ऊब, मग योग्य दूध, त्यानंतर मलमूत्राची व्यवस्था आणि रोजचे वजन असा असतो.

मध्य प्रदेशातील पांढुर्णा जिल्ह्याच्या सौंसर तालुक्यातील मोहगाव परिसरात हा प्रश्न शहरी हौसेपुरता मर्यादित नाही. २०२३ साली छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात संत्रा आणि कापूस ही प्रमुख पिके असून, कुटाराची खोली, पऱ्हाट्यांचा ढीग, घराचा माळा किंवा गुरांचा कोठा या मांजरीच्या विण्याच्या नेहमीच्या जागा आहेत. गर्भधारणेपासून सुमारे ६३ ते ६५ दिवसांनी मांजर विते आणि उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत पिल्लांची संख्या वाढते. याच काळात कोठे रिकामे केले जातात, पऱ्हाट्या हलवल्या जातात आणि आईविना दिसणारी पिल्ले उचलून घरी आणली जातात.

उचलण्यापूर्वी

मांजर आपली पिल्ले सात घरे फिरवते, असे मराठी घरांत पूर्वापार म्हटले जाते, आणि या निरीक्षणाला आधार आहे; जागा असुरक्षित वाटली की मांजर पिल्लांना मानेला धरून एकेक करून दुसरीकडे नेते. त्यामुळे एकटे दिसणारे पिल्लू टाकून दिलेले नसून वाटेतले असू शकते. पिल्लू उबदार, शांत आणि पोट भरलेले दिसत असेल, तर काही तास दूरवरून लक्ष ठेवणे आणि आईला परतण्याची संधी देणे हा सर्वांत चांगला उपाय होय. माणसाचा हात लागल्याने आई पिल्लाला टाकते ही समजूत सर्वसाधारणपणे खरी ठरत नाही. मात्र पिल्लू थंडगार, जखमी, मुंग्यांनी वेढलेले किंवा कुत्र्यांच्या वाटेवर असेल, तर वाट न पाहता उचलावे. आई असलेले पिल्लू किमान ८ आठवडे पूर्ण होईपर्यंत तिच्यापासून तोडू नये, कारण आहाराबरोबरच रोगप्रतिकाराचा पहिला साठा आणि वागणुकीचे पहिले धडे त्याला याच काळात मिळतात.

वयाचा अंदाज

निगा वयावर अवलंबून असल्याने वय ओळखणे आवश्यक ठरते. जन्मतः पिल्लाचे वजन साधारण १०० ग्रॅम असते आणि डोळे व कान बंद असतात. डोळे बहुधा ७ ते १४ दिवसांत उघडतात. ते आपोआप उघडू द्यावेत, बोटांनी उघडू नयेत. तिसऱ्या आठवड्यात कान उभे राहतात, पिल्लू डगमगत चालू लागते आणि हिरडीत पुढचे बारीक दात हाताला लागतात; त्यानंतर सुळे आणि पाचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास दाढा येतात.

ऊब

पहिल्या आठवड्यात पिल्लाला थरथरून शरीरात उष्णता निर्माण करता येत नाही, आणि आई व भावंडे नसतील तर त्याचे तापमान झपाट्याने उतरते. या अवस्थेला वैद्यकात हायपोथर्मिया, म्हणजे शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत घटणे, असे म्हणतात. या स्थितीत आतड्यांची हालचाल मंदावते, पाजलेले दूध पोटात तसेच पडून राहते, ते उलटून श्वासनलिकेत जाण्याची भीती असते आणि हृदयाचे ठोकेही मंद होतात. म्हणून तोंडात बोट घातल्यावर ते गार लागत असेल, तर पिल्लू उबदार होईपर्यंत दूध देऊ नये.

उबेसाठी पुठ्ठ्याचा खोका पुरतो; मात्र कीटकनाशकाच्या बाटल्यांचा खोका कितीही स्वच्छ दिसला तरी वापरू नये. तळाशी जुनी, मऊ गोधडी अंथरून एका बाजूला गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवावी आणि दुसरी बाजू मोकळी सोडावी, म्हणजे फार गरम झाल्यास पिल्लाला सरपटून दूर जाता येते. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवतीची हवा २९ ते ३२ अंश सेल्सिअस असावी आणि पुढे दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी करावी. गारठलेले पिल्लू एकदम तापवू नये, तर तास-दोन तासांत हळूहळू उबेला आणावे. बंद खोलीत शेगडी पेटवून ठेवणे माणसाप्रमाणेच पिल्लालाही विषारी वायूमुळे घातक ठरते. मे महिन्यात धोका उलटा असतो. टिनाच्या छपराखालील खोली भट्टीसारखी तापते आणि पिल्लू स्वतःला थंडही ठेवू शकत नाही, त्यामुळे अशा दिवसांत बाटली काढून खोका मातीच्या भिंतीच्या, हवेशीर घरात हलवणे अधिक योग्य असते.

दूध

मांजरीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक प्रथिने असतात. गाईच्या दुधात प्रथिनांच्या तुलनेत लॅक्टोज, म्हणजे दुधातील नैसर्गिक साखर, जास्त असते. ती न पचल्यास हगवण लागते, आणि मूठभर आकाराच्या जिवाला निर्जलीकरणाने दगावण्यास एक दिवसही पुरतो. यासाठी मांजराच्या पिल्लांकरिता तयार केलेली दुधाची भुकटी वापरावी, जिला मिल्क रिप्लेसर म्हणतात आणि जी नागपूरसारख्या शहरातील पशुऔषधांच्या व पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळते. ती मिळेपर्यंतच्या एखाद्या दिवसाची निकड म्हणून बिनसाखरेचे शेळीचे दूध उकळून, कोमट करून देता येते. पण तेही पूर्ण आहार नव्हे, आणि तो दिवस लांबू देऊ नये. साखर घातलेले दूध, मध व लहान बाळांच्या दुधाची भुकटी देऊ नये.

पाजण्याची रीत दुधाइतकीच महत्त्वाची आहे. पिल्लाला पोटावर, म्हणजे आईच्या कुशीत ते ज्या स्थितीत पिते त्या स्थितीत, टॉवेलवर ठेवावे आणि मान किंचित वर उचललेली असावी. माणसाच्या बाळासारखे उताणे धरून पाजल्यास दूध फुफ्फुसात जाते आणि त्यातून होणारा न्यूमोनिया पुष्कळदा प्राणघातक ठरतो. मनगटाच्या आतील बाजूस कोमट लागेल इतके, सुमारे ३८ अंशांचे दूध लहान बाटलीने द्यावे, किंवा सुई काढलेल्या सिरिंजने थेंब थेंब, पिल्लाच्या गिळण्याच्या गतीने द्यावे. सिरिंजचा दट्ट्या जोराने दाबू नये आणि नाकातून दूध आले तर पाजणे तत्काळ थांबवावे. एका वेळी वजनाच्या प्रत्येक १०० ग्रॅमला सुमारे ४ मिलिलिटर इतकेच दूध लहान पोटात सामावते. म्हणून एकदम भरपूर पाजण्यापेक्षा पहिल्या आठवड्यात रात्रीसह दर २ ते ३ तासांनी, दुसऱ्या आठवड्यात ३ ते ४ तासांनी आणि त्यापुढे ४ ते ६ तासांनी पाजणे हिताचे असते.

मलमूत्र आणि वजन

सुमारे तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःहून लघवी किंवा शौच करता येत नाही. आई पोटाखालचा भाग चाटते तेव्हाच ती क्रिया सुरू होते. आईविना वाढणाऱ्या पिल्लासाठी हे काम पाळकाला करावे लागते, आणि नेमकी हीच गोष्ट माहीत नसल्याने चांगले दूध मिळूनही पिल्ले पोट फुगून आजारी पडतात. प्रत्येक पाजण्याच्या वेळी कापसाचा बोळा कोमट पाण्यात भिजवून, पिळून, गुदद्वार व मूत्रद्वारावर हलक्या हाताने फिरवावा. अर्ध्या-एक मिनिटात लघवी होते. ती फिकट असावी. गडद पिवळी लघवी शरीरात पाणी कमी असल्याचे सांगते. त्यानंतर पिल्लू कोरडे पुसावे, कारण ओल्या अंगाने ते पुन्हा गारठते. चौथ्या आठवड्यापासून उथळ पाटीत स्वच्छ रेती ठेवली की पिल्लू बहुधा स्वतःच तिचा वापर शिकते.

स्वयंपाकघरातील किंवा दुकानातील ग्रॅम दाखवणारा लहान वजनकाटा हे या काळातील सर्वांत विश्वासार्ह निदानसाधन आहे. निरोगी पिल्लाचे वजन दिवसाला सुमारे १० ते १५ ग्रॅमने वाढते. ते एक दिवस स्थिर राहिले तर पाजण्याचे वेळापत्रक तपासावे, आणि घटले तर पशुवैद्यकाकडे जावे.

दूध सुटताना

चौथ्या आठवड्यापासून मऊ, ओला आहार सुरू करता येतो आणि आठव्या आठवड्यापर्यंत दूध सोडवता येते. मांजर हा पूर्णतः मांसाहारावर घडलेला प्राणी असून त्याच्या शरीरात टॉरिन हे अमिनो आम्ल पुरेसे तयार होत नाही. ते प्राणिज आहारातूनच मिळते आणि त्याच्या अभावी डोळ्यांचा पडदा व हृदयाचे स्नायू निकामी होतात. त्यामुळे दूध-पोळी किंवा दूध-भाकरीवर पिल्लू जगलेले दिसले, तरी त्याचे पोषण होत नाही. बिनमसाल्याचे, कांदा-लसूण न घातलेले उकडलेले कोंबडीचे मांस व अंडे, किंवा शाकाहारी घरांत पिल्लांसाठीचा तयार खुराक हा योग्य पर्याय होय.

जंत, पिसवा आणि घरातली विषे

गोलकृमी, म्हणजे आतड्यात राहणारे लांबट जंत, आईच्या दुधातूनच पिल्लात येत असल्याने जवळजवळ प्रत्येक पिल्लू जंतबाधित समजावे आणि २ ते ३ आठवड्यांच्या वयापासून ८ आठवड्यांपर्यंत दर पंधरवड्याला पशुवैद्यकाने वजनानुसार ठरवलेले औषध द्यावे. पिसवांकडेही दुर्लक्ष करू नये. त्या इतके रक्त शोषतात की लहान पिल्लाच्या हिरड्या पांढुरक्या पडतात. त्यावर बारीक दातांचा कंगवा, आणि पिल्लू सुदृढ असल्यास कोमट पाणी व सौम्य साबणाने चटकन दिलेली अंघोळ व लगेच कोरडे करणे, हा सुरक्षित उपाय आहे.

कोठ्यातील गुरांच्या गोचिडांवर फवारले जाणारे औषध किंवा कुत्र्याच्या पिसवांची पावडर मांजराला कधीही लावू नये. परमेथ्रिनसारखी या गटातील द्रव्ये मोडून काढणारी विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारी प्रथिने, मांजराच्या यकृतात अपुरी असतात आणि त्यामुळे झटके येऊन मृत्यू ओढवतो. याच कारणाने पॅरासिटामॉलची तापाची गोळी मांजराला विष ठरते. अर्धी गोळीही पिल्लाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती नष्ट करू शकते. फिनाईलने पुसलेली ओली फरशी, कपाटातील डांबरगोळ्या, उंदरांचे औषध आणि बागेतून आलेले फवारणीचे कपडे यांपासूनही पिल्लाला दूर ठेवावे, कारण पायाला लागलेले सर्व काही ते चाटून पोटात घेते.

लसीकरण आणि घरच्यांचे आरोग्य

६ ते ८ आठवड्यांच्या वयात तिहेरी लसीची सुरुवात करून, ३ ते ४ आठवड्यांच्या अंतराने ती सुमारे १६ आठवड्यांपर्यंत पुन्हा द्यावी. ही लस दोन श्वसनरोगांपासून आणि पॅनल्युकोपेनियापासून, म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशी नष्ट करणाऱ्या विषाणुजन्य रोगापासून, रक्षण करते. तीन महिन्यांनंतर रेबीजची लस द्यावी.

पिल्लू लहान असले तरी त्याचा चावा वा रक्त काढणारा ओरखडा क्षुल्लक मानू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, तिच्यावर हळद, चुना किंवा मिरची लावू नये, आणि त्याच दिवशी शासकीय रुग्णालयात जाऊन रेबीज प्रतिबंधक लसीचा सल्ला घ्यावा. गरोदर स्त्रीने पिल्लाची विष्ठा साफ करू नये आणि घरातील अन्य व्यक्तीने ती रोजच्या रोज उचलावी. टोक्सोप्लाझ्मा या परजीवीची बीजे विष्ठेतून बाहेर पडल्यावर बाधक होण्यास साधारण एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजची स्वच्छता हे प्रत्यक्ष संरक्षण असते. पिल्लाला हाताळल्यावर मुलांनी हात धुणे जंतांपासून आणि गजकर्णापासूनही वाचवते.

विलंब कधी करू नये

तोंड उघडून घेतलेला श्वास, पांढऱ्या किंवा चिकट हिरड्या, सततचे रडणे किंवा त्याहून गंभीर अशी पूर्ण शांतता, दोन वेळा दूध नाकारणे, हगवण आणि उबेनेही न जाणारी सुस्ती ही तातडीची लक्षणे आहेत. पशुवैद्यकापर्यंत पोहोचेपर्यंत पिल्लाला उबेत ठेवावे आणि ते गळून गेले असल्यास ग्लुकोजच्या पाण्याचे एक-दोन थेंब हिरडीवर चोळावेत. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात दूध किंवा पाणी ओतू नये. मध्य प्रदेशात फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ हा क्रमांक उपलब्ध आहे, आणि गुंतागुंतीच्या आजारात मोहगावकरांना जवळ पडणारे नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय हा आधार आहे.

काही पिल्ले सर्व काळजी घेऊनही दगावतात, कारण जन्मजात दोष किंवा आधीच झालेला संसर्ग बाहेरून दिसत नाही. अशा वेळी पाळकाने, विशेषतः घरातील मुलांनी, स्वतःला दोष देऊ नये. जी जगतात ती चौथ्या-पाचव्या महिन्यातच गर्भधारणेस सक्षम होऊ शकतात, म्हणून त्या सुमारास नसबंदीसाठी पशुवैद्यकाची वेळ ठरवून ठेवणे हा संगोपनाचाच भाग होय. पुढच्या उन्हाळ्यात पऱ्हाट्यांच्या ढिगाआड आईविना सापडणाऱ्या पिल्लांची संख्या कमी करण्याचा तोच सर्वांत खात्रीचा उपाय आहे.