धांवती नेमबाजी : नवशिक्यांचे प्रश्न

कोल्हापूर जिल्ह्यांतील कांबळवाडी गांवचे स्वप्निल कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांत ५० मीटर रायफल नेमबाजींत कांस्यपदक मिळविलें, हें तुम्हां सर्वांस ठाऊक आहेच. त्या प्रकारांत नेमबाज गुडघ्यावर बसून, पालथें पडून व उभें राहून गोळ्या झाडतो. पण प्रत्येक वेळीं तो एका जागीं स्थिर असतो व श्वाससुद्धां आवरून धरतो. एन. सी. सी.च्या छात्रसैनिकांनींहि हाच धडा गिरविलेला असतो. परंतु परदेशांत नेमबाजीचा असाहि एक प्रकार रूढ आहे कीं, ज्यांत नेमबाज धांवतो, वळतो, वांकतो, आडोशाआडून डोकावतो, आणि हें सर्व करीत असतां घड्याळाशीं शर्यत लावून नेम साधतो. त्यास इंग्रजींत ‘प्रॅक्टिकल शूटिंग’ म्हणतात. आम्ही सोयीसाठीं धांवती नेमबाजी म्हणूं.

या खेळाचीं चलच्चित्रें मोबाइलवर पाहून मुलें विचारतात, “पिस्तूल कोणतें वापरतात? पट्टा कोठला?” नियम कोणते, हें मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें देणार आहों. या खेळांतील खरें साधन कोणतें, हें वाचकांनीं शेवटीं स्वतःच ठरवावें.

१. खेळाचा उगम

इ. स. १९७६ च्या मे महिन्यांत अमेरिकेंतील मिसूरी राज्यांत, कोलंबिया या शहरीं, निरनिराळ्या देशांचे नेमबाज एकत्र जमले व त्यांनीं एक आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन केली. तिच्या नांवाच्या आद्याक्षरांवरून तिला आय. पी. एस. सी. म्हणतात. जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष होत. संघटनेचें ब्रीद तीन लॅटिन शब्दांचें आहे : डिलिजेन्शिया, व्हिस, सेलेरिटास. म्हणजे अचूकपणा, शक्ति आणि वेग. यांतील पहिल्या शब्दाचा मूळ अर्थ ‘काळजीपूर्वकता’ असा आहे. अचूकपणा हें तिचें फळ होय. तिन्ही गुणांत काळजीपूर्वकतेला पहिलें स्थान दिलेलें आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

२. एक टप्पा कसा असतो?

मातीच्या उंच बांधांनीं वेढलेल्या मैदानांत लांकडी चौकटी, खिडक्या, दारें व पिंपें मांडलेलीं असतात. त्यांच्या आडून पुठ्ठ्याचीं अष्टकोनी लक्ष्यें व लोखंडी पत्रे दिसतात. पुठ्ठ्याच्या लक्ष्यावर बहुधा दोन गोळ्या मारावयाच्या. पत्रा मात्र गोळी लागून खालीं पडला पाहिजे. मधून मधून कांहीं लक्ष्यें अशीं ठेवितात कीं, ज्यांना गोळी लागतां कामा नये. लहान टप्प्यास जास्तींत जास्त १२, मध्यमास २४ व मोठ्यास ३२ गोळ्या लागतात.

कोणत्या जागेवरून कोणतें लक्ष्य आधीं मारावें, हें बहुधा कोणी सांगत नाहीं. खेळाडूंना टप्पा आधीं पायीं फिरून पाहूं देतात. त्या वेळीं मोठमोठे खेळाडू रिकामा हात पुढें धरून, पावलें मोजीत, ओठांतल्या ओठांत पुटपुटत हिंडतांना दिसतात. भूमितीचें प्रमेय पाटीवर मांडण्यापूर्वीं मनांत सोडवावें, तसाच हा प्रकार.

३. साधनांविषयीं प्रश्न

पिस्तूल कोणतें घ्यावें? ज्या देशांत हा खेळ चालतो तेथील जाणते लोक नवशिक्यास सांगतात कीं, आधीं घेऊं नका. प्रथम एक सामना नुसता पाहा. साधनांप्रमाणें खेळाडूंचे विभाग पाडलेले असतात. ‘प्रॉडक्शन’ विभागांत कारखान्यांतून निघालेलें साधें पिस्तूल, फारसे फेरफार न करतां, वापरावें लागतें; ‘ओपन’ विभागांत भिंगाची दुर्बिणी दृष्टि व झटका कमी करणारीं उपकरणें चालतात; यांखेरीज ‘स्टँडर्ड’, ‘क्लासिक’, ‘रिव्हॉल्व्हर’ असेहि विभाग आहेत. कुस्तींत जसे वजनाचे गट, तसेच हे. ज्याच्याजवळ पैसा अधिक त्यानेंच जिंकावें, असें होऊं नये हा यांतील हेतु. नवशिके बहुतेक प्रॉडक्शन विभागांत ९ मिलिमीटरच्या पिस्तुलानें आरंभ करितात.

होल्स्टर कसें असावें? होल्स्टर म्हणजे पिस्तुलाचें म्यान. तें कमरेच्या ताठ पट्ट्यावर घट्ट बसलें पाहिजे, धांवतांना त्यांतून पिस्तूल निसटतां कामा नये, आणि पिस्तूल आंत असतां बोट चापापर्यंत पोहोंचतां कामा नये. चित्रपटांतल्याप्रमाणें काखेंत अडकविलेलें होल्स्टर येथें चालत नाहीं.

मॅगझिनें किती? प्रॉडक्शन विभागांत आरंभाच्या वेळीं पिस्तुलांत जास्तींत जास्त १५ काडतुसें असूं शकतात. टप्पा ३२ गोळ्यांचा असेल तर १५ व १५ मिळून ३० होतात. म्हणजे एकहि गोळी वायां न गेली तरी तिसरें मॅगझिन लागणारच. नेम चुकतो, मॅगझिन हातांतून पडतें, म्हणून शहाणा खेळाडू पट्ट्यावर चार-पांच बाळगतो.

काडतूस किती जोराचें? येथें ब्रीदांतील ‘शक्ति’ मोजली जाते. गोळीचें वजन ग्रेनमध्यें व वेग सेकंदास फुटांत घेऊन त्यांच्या गुणाकारास १००० नें भागतात. १२४ ग्रेनची गोळी सेकंदास १०५० फूट गेली तर भागाकार १३०.२ येतो. हा आंकडा निदान १२५ असावा लागतो. सामन्याच्या जागीं यंत्रानें वेग मोजतात. आंकडा कमी भरला तर खेळतां येतें, पण गुण मिळत नाहींत.

डोळे व कान? संरक्षक चष्मा व कानांचीं झांकणें खेळाडूसच नव्हे, तर प्रेक्षकांसहि लागतात. लोखंडी पत्र्यावर आपटून शिशाचे कण उडतात. म्हणूनच ७ मीटरांहून जवळून पत्र्यावर गोळी झाडणाऱ्यास बाद करितात. पिस्तुलाचा आवाज १४० डेसिबलहून मोठा असतो, आणि अशा आवाजानें एकदां गेलेली श्रवणशक्ति परत येत नाहीं.

पोशाख? शिपायाच्या धर्तीचा चित्रविचित्र वेष सैनिक वा पोलिस नसलेल्या खेळाडूंनीं घालूं नये, असें नियमांत सुचविलें आहे. हा खेळ आहे, लढाईचें सोंग नव्हे.

४. गुणांचें गणित

लक्ष्यावर तीन पट्टे असतात. ‘माइनर’ शक्तीच्या काडतुसास मधल्या पट्ट्यांत ५, त्याबाहेर ३ व कडेस १ गुण मिळतो. नेम अजिबात चुकल्यास १० गुण दंड. जें मारावयाचें नाहीं त्यास गोळी लागल्यास तितकाच दंड. मिळालेल्या गुणांस लागलेल्या सेकंदांनीं भागावयाचें. ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, त्यानें तो टप्पा जिंकला.

समजा, टप्पा १२ गोळ्यांचा, म्हणजे ६० गुणांचा आहे. ‘अ’ सावकाश खेळला, बाराहि गोळ्या मध्यभागीं, ६० गुण, १२ सेकंद, भागाकार ५. ‘ब’ यास १० गोळ्यांचे ५० व दोहोंचे ६ मिळून ५६ गुण पडले, वेळ १० सेकंद, भागाकार ५.६. ‘क’ वाऱ्यासारखा धांवला व ८ सेकंदांत मोकळा झाला. पण त्याच्या ७ गोळ्या मध्यभागीं, ३ त्याबाहेर, १ कडेस आणि १ वायां गेली. ३५ अधिक ९ अधिक १, वजा १०, राहिले ३५. भागाकार ४.३७५. सर्वांत आधीं पोहोंचलेला सर्वांत मागें राहिला!

आतां हेंहि पाहा : ‘क’ यानें आणखी एकच सेकंद खर्चून ती बारावी गोळी दुसऱ्या पट्ट्यांत बसविली असती, तर दंड टळून गुण ४८ झाले असते, आणि ९ नें भागतां ५.३३ येऊन तो ‘अ’च्या पुढें गेला असता. परीक्षेंत शेवटचें उदाहरण घाईनें चुकविणाऱ्या मुलांनीं हा हिशेब वहींत उतरून घ्यावा.

५. हुकूम व शिस्त

सामन्याच्या आवारांत प्रत्येकाचें पिस्तूल रिकामें व होल्स्टरमध्यें असतें. पंचाच्या आज्ञेशिवाय तें बाहेर काढतां येत नाहीं. तें साफ करावयाचें वा पट्ट्यास लावावयाचें असेल तर त्यासाठीं राखलेल्या जागीं जावें लागतें. आणि त्या जागीं काडतुसास, खोट्या काडतुसासहि, हात लावण्याची मनाई असते. पिस्तूल व काडतूस एकत्र यावयाचें तें केवळ पंचाच्या डोळ्यांदेखत.

खेळाडूची पाळी आली म्हणजे पंच क्रमानें हुकूम देतो : भरा व तयार व्हा, तयार आहांत काय, सज्ज राहा. यानंतर एक ते चार सेकंदांत यंत्राचा सूर वाजतो व खेळ सुरू होतो. शेवटीं पिस्तूल रिकामें करून पंचास दाखवावें लागतें, पुन्हां चाप ओढून तें रिकामें असल्याची खात्री पटवावी लागते, आणि मग तें होल्स्टरमध्यें जातें. ‘थांबा’ हा शब्द मध्येंच ऐकूं आला तर तत्काळ थांबणें व पुढील आज्ञेची वाट पाहाणें एवढेंच खेळाडूचें काम.

६. बाद होणें

आतां या खेळाच्या गाभ्याशीं आम्ही आलों. पुढील चुकांबद्दल गुण कापीत नाहींत. खेळाडूस संपूर्ण सामन्यांतूनच बाद करितात. नळीचें तोंड समोरच्या बांधाच्या मध्यरेषेपासून ९० अंशांहून अधिक वळणें. नळी कोणाच्याहि, अगदीं स्वतःच्याहि, अंगावरून फिरणें. पळतांना किंवा मॅगझिन बदलतांना बोट चापाच्या कड्यांत असणें. भरतांना वा रिकामें करतांना गोळी सुटणें. लक्ष्य तितकें जवळ नसतां स्वतःपासून ३ मीटरांच्या आंत जमिनींत गोळी जाणें. गोळी बांधावरून पलीकडे जाणें. खेळ चालू असतां पिस्तूल हातांतून पडणें.

या यादींत कोणास इजा झाल्याचा उल्लेख कोठेंहि नाहीं. इजा झाली म्हणून शिक्षा, असा हा कायदा नव्हे. इजा होऊं शकली असती, एवढ्यावरच शिक्षा. खेळाडूनें वर्षभर सराव केलेला असो, तो समुद्र ओलांडून आलेला असो, पूर्वींचा विजेता असो. पहिल्याच टप्प्यावर नळी वळली कीं त्याचा सामना संपला. त्या दिवशीं त्याच्या गुणांची किंमत शून्य.

एक नियम तर फार मार्मिक आहे. आपली पाळी नसतां रिकामें पिस्तूल होल्स्टरमधून खालीं पडलें तर माणसाची पहिली ऊर्मि काय असते? पटकन् वांकून तें उचलावें, आणि कोणी पाहिलें नाहींना, हें बघावें. येथें तसें उचलणारा बाद होतो. जो तेथेंच उभा राहून पंचास हांक मारतो, त्याला मात्र शिक्षा नाहीं. पंच स्वतः पिस्तूल उचलून तपासतो. चूक लपविणें हा अपराध, चूक सांगणें हा नव्हे. आमच्या मतें हें एक कलम प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर लावण्याजोगें आहे.

जेफ कूपर यांनीं शस्त्राविषयीं जे चार नियम रूढ केले त्यांचा सारांश असा : प्रत्येक शस्त्र भरलेलेंच समजावें, ज्याचा नाश करावयाचा नाहीं त्याकडे नळी वळवूं नये, नेम साधेपर्यंत बोट चापापासून दूर ठेवावें, आणि लक्ष्य कोणतें व त्याच्या मागें काय आहे, हें ओळखावें.

७. पालकांस दोन शब्द

आपल्याकडे शस्त्रांचा कायदा कडक आहे, आणि हा लेख वाचून कोणीं पिस्तुलाचा हट्ट धरावा अशी आमची इच्छा नाहीं. ज्या मुलास नेमबाजीची आवड आहे त्यानें एन. सी. सी.त जावें, अथवा मान्यताप्राप्त रेंजवर शिक्षकाच्या देखरेखीखालीं १० मीटर एअर रायफल शिकावी. धांवत्या नेमबाजींतहि ६ मिलिमीटरच्या प्लॅस्टिकच्या गोळ्या उडविणाऱ्या पिस्तुलांचा एक प्रकार आहे, आणि तेथेंहि चष्म्यावांचून कोणास उभें राहूं देत नाहींत. मग आपलीं मुलें खेळण्याचें पिस्तूल धाकट्या भावाच्या कपाळाला लावतात, तेव्हां आपण हंसावें कीं तें खालीं ठेवावयास सांगावें, याचा विचार पालकांनींच करावा.

आरंभीं आम्हीं विचारलें होतें कीं, या खेळांतील खरें साधन कोणतें. पट्टा, पिस्तूल, मॅगझिन हीं सर्व दुकानांत मिळतात. परंतु धांवत असतां, वेळ निसटत असतां, शेकडों लोक पाहात असतां, चापाबाहेर सरळ राहिलेलें एक बोट कोणत्याहि दुकानांत मिळत नाहीं. तें ज्याचें त्यानें, रोज थोडें थोडें करून, स्वतःच घडवावें लागतें.